घाटातील मालट्रक आणि गिअरचे शास्त्र

मालट्रक ही वस्तू आपण सर्वजण रोज पाहतो, परंतु ती चालते कशी याचा विचार क्वचितच करतो. घरातील साखर, सिमेंट, औषधे, मुलांची पाठ्यपुस्तके, गॅसचे सिलिंडर यांपैकी बहुतेक वस्तू कधी ना कधी ट्रकच्या हौद्यातूनच आलेल्या असतात. आपल्या वस्तीतील आणि नात्यातील कितीतरी जण ड्रायव्हर आहेत, क्लिनर आहेत, किंवा कर्ज काढून एखादी गाडी घेऊन स्वतःच मालक व स्वतःच ड्रायव्हर झालेले आहेत. प्रस्तुत लेखक बँकेत कारकून आहे. शिक्षण कला शाखेचे. यंत्रांशी संबंध शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकापुरता. परंतु वाहनकर्जाच्या टेबलावर काही वर्षे गेल्यामुळे ट्रकवाल्या मंडळींशी बोलण्याचा योग वारंवार आला. शिवाय माझे मामा पंचवीस वर्षे मालट्रक चालवीत होते. या मंडळींकडून ऐकलेले आणि नंतर वाचून पडताळलेले असे काही येथे मांडतो.

ट्रक चालवण्याची विद्या आपल्याकडे शाळेत शिकवली जात नाही. मुलगा सोळा-सतराव्या वर्षी क्लिनर म्हणून गाडीवर चढतो, टायर ठोकून बघतो, काच पुसतो, उस्तादांसाठी चहा आणतो आणि बघून बघून शिकतो. उस्ताद सांगतात, "दाब, काढ, सोड, दाब, टाक, सोड." मुलगा तसे करतो आणि गिअर पडतो. पण तसे का करायचे हे उस्तादांनाही त्यांच्या उस्तादांनी सांगितलेले नसते. कारण ठाऊक नसले की रोजच्या रस्त्यावर काही अडत नाही. नेहमीपेक्षा वेगळा प्रसंग आला, म्हणजे माल जास्त, उतार नवा, पाऊस चालू, की मात्र नुसती सवय कामी येत नाही.

प्रथम गिअर लागतातच कशाला, हे पाहू. मोठा दगड हलवायचा असेल तर आपण पहार घेतो. पहार लांब धरली की जोर कमी लागतो, पण हात पुष्कळ खाली न्यावा लागतो आणि दगड बोटभर सरकतो. गिअर म्हणजे अशीच पहार. डिझेल इंजिनाचा जोर सर्व वेगांत सारखा नसतो. जड ट्रकचे इंजिन मिनिटाला साधारण बाराशे ते सोळाशे फेऱ्यांच्या आसपास असताना चांगले ओढते. फार हळू फिरले तर धडधडून बंद पडते, आणि अडीच हजारांच्या पलीकडे त्याला नेऊ नये. चाकांना मात्र कधी ताशी पाच किलोमीटर तर कधी साठ किलोमीटर वेग हवा असतो. इंजिनाचा हा लहान पट्टा आणि चाकांची ही मोठी गरज यांचा मेळ गिअर बॉक्स घालतो.

उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. पाच गिअरच्या एका ट्रकमध्ये पहिला गिअर ७ पट, दुसरा ४ पट, तिसरा २.५ पट, चौथा १.५ पट आणि पाचवा म्हणजे टॉप सरळ १, असे धरा. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये इंजिन सात वेळा फिरले की पाठीमागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट एकदा फिरतो. वेग सातवा हिस्सा, पण जोर सात पट. टॉपमध्ये ताशी ६० किलोमीटरला इंजिनाच्या १८०० फेऱ्या होतात असे समजू. मग टॉपमध्येच ताशी ४० ला १२०० फेऱ्या होतील आणि त्याच वेगाला चौथ्या गिअरमध्ये १८००. प्रत्येक गाडीचे आकडे निराळे असतात, आता सहा आणि नऊ गिअरच्या गाड्याही रस्त्यावर आहेत. परंतु हिशोबाची रीत हीच. हे दोन-तीन आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावेत, कारण पुढचे सारे त्यांच्यावरच अवलंबून आहे.

आता गिअर बॉक्सच्या आत काय होते ते पाहू. चाकांकडे जाणारा एक शाफ्ट असतो. गाडी चालू आहे तोवर तो गाडीच्या वेगाने फिरणारच. त्याच्यावर प्रत्येक गिअरचे दातेरी चक्र मोकळे फिरत असते आणि या चक्रांना दुसऱ्या बाजूचा शाफ्ट फिरवतो. हा दुसरा शाफ्ट क्लचमार्फत इंजिनाशी जोडलेला असतो. गिअर टाकणे म्हणजे हव्या त्या मोकळ्या चक्राला पहिल्या शाफ्टशी दात्यांनी अडकवणे. दोन्ही एकाच वेगाने फिरत असतील तर दाते अलगद बसतात. वेग वेगळे असतील तर ते एकमेकांवर घासतात आणि तो सर्वांच्या परिचयाचा 'खर्रर्र' आवाज येतो. धावत्या एसटीत चढणारा माणूस आधी एसटीच्या बरोबरीने चार पावले पळतो आणि मग पाय उचलतो. उभ्या-उभ्या दांडी धरायला गेला तर हात निसटतो. दात्यांचेही असेच आहे.

हे बरोबरीने पळणे जमवण्यासाठीच 'डबल क्लच' ही पद्धत निघाली. वरचा गिअर टाकताना क्लच दाबायचा, गिअर काढून न्यूट्रल करायचा, क्लच सोडायचा, इंजिनाचा आवाज उतरेपर्यंत क्षणभर थांबायचे, पुन्हा क्लच दाबून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा. आपल्या उदाहरणात ताशी ४० च्या वेगात चौथ्यातून टॉप टाकायचा असेल तर इंजिन १८०० वरून १२०० पर्यंत उतरले पाहिजे. मध्ये न्यूट्रलमध्ये क्लच सोडायचा तो एवढ्यासाठी की, क्लच सोडला की आतला शाफ्ट इंजिनाला जोडला जातो आणि इंजिन मंदावले की तोही मंदावतो. क्लच दाबूनच ठेवला तर तो शाफ्ट मोकळा राहतो आणि त्याच्या वेगावर कोणाचाच ताबा राहत नाही.

खालचा गिअर टाकताना याच्या उलट. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून एक्सलरेटरला एक झटका द्यायचा, म्हणजे रेस द्यायची. इंजिन १२०० वरून १८०० ला नेले की चौथ्या गिअरचे चक्र गाडीच्या वेगाशी जुळते. लगेच क्लच दाबून गिअर टाकायचा. रेस किती द्यायची हे जुने ड्रायव्हर कानाने ओळखत. त्यांच्या गाड्यांत फेऱ्या दाखवणारे मीटर बहुधा नसेच. मामा म्हणत की गिअर हाताने नव्हे, कानाने टाकायचा. पुढे हिशोब मांडल्यावर मला कळले की ते सहाशे फेऱ्यांचा फरक आवाजावरून मोजत होते.

आजच्या बहुतेक ट्रकांत सिंक्रोमेश गिअर बॉक्स असतो. त्यात पितळेसारख्या धातूची एक शंकूच्या आकाराची कडी असते. दाते अडकण्यापूर्वी ती घासून दोन्हींचा वेग सारखा करते. म्हणून नव्या गाडीला डबल क्लच लागतोच असे नाही. तथापि माल भरलेल्या गाडीत खालचा गिअर टाकताना तो केल्यास त्या कडीची झीज वाचते आणि गिअर हमखास पडतो. हल्ली तर क्लचचे पेडलच नसलेले, गिअर आपोआप बदलणारे ट्रकही आले आहेत. त्यांत हेच सारे काम यंत्र करते. परंतु उतारावर कोणता गिअर धरून ठेवायचा हे त्यातही ड्रायव्हरलाच ठरवावे लागते.

लहानसहान सवयींची येथेच नोंद करून पुढे जातो. क्लचच्या पेडलवर सतत पाय ठेवून गाडी चालवू नये. प्लेट अर्धवट घासत राहते. चढावर सिग्नलला किंवा रांगेत हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नये. पार्किंग ब्रेक लावावा. क्लचप्लेटला वास येऊ लागला म्हणजे नुकसान झालेले असते. गिअरच्या दांडीवर हात टाकून बसण्याची ऐट बऱ्याच जणांना असते, तिच्यामुळे आतले फोर्क झिजतात. भरलेली गाडी नेहमी पहिल्या गिअरमध्ये उठवावी.

आता घाट. महाराष्ट्रात कोकणातून देशावर यायचे तर सह्याद्री चढावाच लागतो. बोरघाट, कसारा, माळशेज, कुंभार्ली, आंबा ही नावे प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असतात. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, त्यानंतर रेल्वे आली. रेल्वेने बोरघाट व थळघाट येथे सदतिसास एक एवढाच चढ ठेवला, तरी गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागली. रस्त्याचे घाट यापेक्षा पुष्कळ उभे आहेत आणि ट्रकला मागून ढकलणारे कोणी नसते.

चढताना मुख्य गोष्ट एकच. गिअर चढाच्या आधी कमी करावा, चढात अडकल्यावर नव्हे. भरलेली गाडी चढावर न्यूट्रलमध्ये गेली की दोन-तीन सेकंदांत वेग झपाट्याने पडतो. ड्रायव्हर चौथ्यातून तिसरा टाकायला जातो, तोवर गाडी दुसऱ्याच्या वेगाला आलेली असते. तिसरा टाकला तर इंजिन गुदमरते, दुसरा शोधेपर्यंत गाडी थांबते आणि मागे सरकू लागते. इंजिनाच्या फेऱ्या चौदाशेच्या खाली उतरू लागल्या की वाट न पाहता पुढचा निर्णय घ्यावा. थांबलेच तर आधी पार्किंग ब्रेक, मग क्लिनरने मागच्या चाकाला लाकडी ठोकळा किंवा दगड लावायचा. गाडी पुन्हा उठल्यावर तो दगड रस्त्यातून उचलून बाजूला टाकायचा. हे शेवटचे काम आपल्याकडे कोणी करीत नाही आणि रात्री त्याच दगडावर एखादा मोटारसायकलवाला आपटतो. डोंगरी व तीव्र चढाच्या रस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी असा नियम आहे, त्याचे कारणही हेच की चढणारा थांबला तर त्याला पुन्हा उठणे कठीण.

लोकांना चढाची भीती वाटते. जाणत्या ड्रायव्हरला उताराची. चढावर फार तर गाडी बंद पडेल. उतारावर काय होते ते समजण्यासाठी एक हिशोब करून पाहू. दोन आसांच्या ट्रकचे मालासह वजन कायद्याने पूर्वी १६.२ टन होते, २०१८ मध्ये ते १८.५ टन करण्यात आले. असा १८.५ टनांचा ट्रक लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरतो तेव्हा तो सुमारे पाचशे मीटर खाली येतो. वर असताना त्याच्या अंगी असलेली ही उंचीची शक्ती कुठेतरी जिरली पाहिजे, नाहीतर तिचा वेग होईल. ती सगळी उष्णतेत रूपांतरित केली तर तीनशे लिटर पाणी, म्हणजे दीड पिंप पाणी, साध्या तापमानापासून उकळीला येईल. एवढी उष्णता काही मिनिटांत चाकांच्या ब्रेक ड्रममध्ये ओतली तर काय होणार? ड्रम तापून प्रसरण पावतो, आतल्या लायनरवर काचेसारखा गुळगुळीतपणा येतो, पेडल दाबले तरी पकड येत नाही. जळका वास आणि धूर येतो. वर्तमानपत्रात छापून येते, "ब्रेक निकामी झाल्याने अपघात." वास्तविक पुष्कळदा ब्रेक निकामी झालेले नसतात, निकामी केलेले असतात.

यावर उपाय असा की ही उष्णता ब्रेककडे न देता इंजिनाकडे द्यायची. गाडी गिअरमध्ये असताना एक्सलरेटरवरून पाय काढला की चाके इंजिनाला फिरवू लागतात. इंजिनाला हवा आत ओढावी लागते, दाबावी लागते, बाहेर फेकावी लागते. या कामात उताराची शक्ती खर्च होते आणि ती उष्णता रेडिएटर व धुराड्यावाटे बाहेर जाते. गिअर जितका खालचा, तितके इंजिन जास्त फिरते आणि तितकी गाडी जास्त अडते. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो धुराड्याची वाट आवळून हा अडसर आणखी वाढवतो. एक्झॉस्ट ब्रेक गिअरमध्येच काम करतो. न्यूट्रलमध्ये त्याचे बटन दाबून काही होत नाही.

दुसरे असे की, घाट उतरताना निर्माण होणारी एकूण उष्णता ठरलेली असली तरी ती किती वेळात निर्माण होते हे आपल्या हातात असते. ताशी ६० ने उतरणाऱ्या गाडीत दर मिनिटाला ताशी २० च्या तिप्पट उष्णता तयार होते. सावकाश उतरणाऱ्या गाडीचे ड्रम वाऱ्याने निवत राहतात. म्हणून घाटात ट्रकच्या मागे अडकलेल्या मोटारवाल्यांनी हॉर्न वाजवण्यापूर्वी हा हिशोब आठवावा.

इतके स्पष्ट असताना लोक न्यूट्रलमध्ये का उतरतात? डिझेल वाचते म्हणून. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. तेथे २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका मालवाहू गाडीने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. डिझेल वाचवण्यासाठी ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असे प्राथमिक तपासात सांगण्यात आले. त्याच परिसरात नोव्हेंबर २०२५ मध्ये कंटेनरचा ताबा सुटून झालेल्या अपघातात आग लागली आणि आठ जणांचे प्राण गेले. हे ठिकाण घाटासारखे दिसत नाही. रस्ता रुंद, सरळ, दोन्ही बाजूंना इमारती. पण गाडीला इमारती दिसत नाहीत, तिला उतार तेवढा कळतो.

डिझेलच्या बचतीचा हिशोबही तपासून पाहण्यासारखा आहे. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये उतरत असताना एक्सलरेटरवरून पाय काढला की डिझेलचा पुरवठाच थांबतो. जुन्या गाड्यांतील पंपाचा गव्हर्नरही हेच करी. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवले तर ते स्वतःला जिवंत ठेवण्यासाठी डिझेल जाळते. म्हणजे तीव्र उतारावर न्यूट्रल करून इंजिन चालू ठेवणारा डिझेल वाचवत नसून उडवत असतो. इंजिनच बंद केले तर मात्र काही जळत नाही, पण गिअरमध्येही काही जळत नव्हतेच. जे काही वाचते ते मंद उतारावर गाडी थोडी लांब घरंगळते तेवढेच. त्यासाठी गाडी, माल आणि माणसे पणाला लावली जातात. येथे दोष एकट्या ड्रायव्हरला देऊन चालणार नाही. पुष्कळ ठिकाणी मालक एका खेपेला ठरावीक डिझेल किंवा ठरावीक रक्कम देतो. जास्त लागले तर ड्रायव्हरच्या खिशातून, उरले तर ड्रायव्हरचे. ज्याचा पगार अपुरा आहे त्याला उरलेल्या दोन-चार लिटरचा मोह होणारच. ही पद्धत ज्यांनी काढली त्यांना घाटातून गाडी उतरवावी लागत नाही.

इंजिन बंद केल्याने आणखी दोन गोष्टी हातच्या जातात. जड वाहनांचे ब्रेक हवेच्या दाबाने चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा थोडी कमी होते आणि नवी भरली जात नाही. चार-सहा वेळा दाबल्यावर बझर वाजू लागतो. दुसरे म्हणजे पॉवर स्टीअरिंगचा जोर इंजिनाकडूनच येतो. इंजिन बंद झाले की ते चाक दगडासारखे जड होते आणि नेमक्या वळणावर हे ध्यानात येते.

मग म्हणावे, वेग वाढला की पुन्हा गिअर टाकू. येथे आपले आकडे पुन्हा काढा. न्यूट्रलमध्ये गाडी ताशी ६० ला पोहोचली. तिसरा गिअर टाकायचा म्हटले तर इंजिन १८०० च्या अडीच पट, म्हणजे ४५०० फेऱ्यांना न्यावे लागेल. इंजिनाची धाव अडीच हजारांची. दाते जुळणारच नाहीत. या गाडीचा तिसरा गिअर फार तर ताशी ३३ पर्यंत पडू शकतो. त्या पुढे तो फक्त दांडीवर छापलेला आकडा असतो. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वी, सपाटीवर असतानाच, गिअर निवडायचा आणि उतार संपेपर्यंत बदलायचा नाही. उतारात मध्येच गिअर बदलण्याची धडपड करणे हाच सर्वांत मोठा धोका, कारण एक जुळला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी सुटते.

ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम सर्वश्रुत आहे. त्यांच्या काळच्या गाड्यांसाठी तो अचूक होता. परंतु आजच्या गाड्यांची इंजिने जास्त ताकदीची आहेत. ज्या चढाला जुनी गाडी दुसऱ्यात कण्हत जाई तो नवी गाडी चौथ्यात चढून जाते. तोच गिअर उतरायला घेतला तर तो पुरेसा अडवत नाही. तेव्हा नव्या गाडीला चढाच्या गिअरपेक्षा एक-दोन गिअर खालीच उतरवावे.

गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक असूनही वेग थोडा वाढतोच. अशा वेळी ब्रेकवर सतत हलका पाय ठेवून उतरणे चूक. त्याने ड्रम तापतच राहतो. समजा तिसऱ्यात ताशी २५ ची मर्यादा ठरवली. वेग तिथे आला की ब्रेक नीट, ठाम दाबून १८ वर आणावा आणि पूर्ण सोडावा. पुन्हा २५ झाला की पुन्हा तसेच. मधल्या वेळात ड्रमला श्वास मिळतो. अचानक थांबण्याचा प्रसंग निराळा. ज्या गाडीला एबीएस आहे तिचा ब्रेक अशा वेळी दाबूनच धरायचा, सोड-दाब करायची नाही. आणि घाटाच्या माथ्यावर थांबून हवेचा दाब बघणे, टायरवर हात ठेवून बघणे, एक चहा घेणे, यात जाणारी दहा मिनिटे वाया जात नाहीत.

एवढे करूनही ताबा गेलाच तर? गाडी असेल त्या गिअरमध्येच राहू द्यावी, इंजिन बंद करू नये, हेडलाइट व हॉर्न चालू ठेवून पुढच्यांना सावध करावे आणि डोंगराची बाजू धरावी. दरीपेक्षा आणि समोरून येणाऱ्या बसपेक्षा डोंगराची कड घासलेली बरी. पत्रा पुन्हा ठोकून मिळतो. काही तीव्र उतारांवर वाळू-खडी भरलेले बाजूचे चढ अशाच गाड्यांसाठी ठेवलेले असतात. त्यात गाडी घालायला संकोच करू नये.

मालाविषयी थोडेच सांगतो. उंच रचलेला कापूस किंवा चारा वळणावर गाडी कलंडवतो. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा अवघड, कारण आतले पाणी ब्रेक लावल्यावर पुढे आणि वळणावर बाजूला धाव घेते. वळणापूर्वी वेग कमी करावा, वळणात नव्हे.

जादा मालाची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिचा उगम पुष्कळदा आमच्या टेबलावर असतो. नवा मालक-ड्रायव्हर कर्ज घेतो. पहिले सहा महिने हप्ते व्यवस्थित जातात. मग टायर, विमा, पासिंगचा खर्च येतो आणि हप्ता थकतो. मग एका खेपेत दोन-चार टन जास्त घेणे, सलग दोन रात्री गाडी चालवणे सुरू होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहेत. म्हणजे पाच टन जास्त असले तर ३०,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवून घ्यावा लागतो. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यात वजनाची पावती पाहिली जाते आणि वाद उभा राहतो. हप्ता थकतो आहे असे दिसताच शाखेत येऊन मुदत वाढवून मागावी. अर्ज नामंजूर होण्याची भीती असते हे खरे, तरी विचारण्याला पैसे पडत नाहीत. नोटीस निघाल्यानंतर येणाऱ्यापेक्षा आधी येणाऱ्याचे ऐकले जाण्याचा संभव अधिक असतो, हे मी टेबलाच्या या बाजूने सांगतो.

झोपेचेही तसेच. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असे लिहिलेले होते. हा कायदा पुष्कळ ड्रायव्हरांनी ऐकलेलाही नव्हता. पहाटे दोन ते पाच या वेळेत डोळा लागतो तेव्हा तो लागल्याचे कळत नाही. ताशी ६० च्या वेगाला एका सेकंदात गाडी सुमारे सतरा मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे पन्नास मीटर आंधळा प्रवास. चहा, तंबाखू, खिडकीतला वारा यांनी झोप जात नाही, थोडी पुढे ढकलली जाते.

आपल्या सभासदांपैकी व विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांजवळ दुचाकी आहे, त्यांच्यासाठी एवढेच. ट्रकच्या डाव्या बाजूला, केबिनच्या लगत, ड्रायव्हरला काहीही दिसत नाही अशी मोठी जागा असते. ट्रक डावीकडे वळतो तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आत येतात आणि त्या फटीत शिरलेली दुचाकी चिरडली जाते. उतारावर ट्रकच्या पुढे जाऊन लगेच ब्रेक लावू नये. हवेच्या ब्रेकला पकड यायला क्षणभर जास्त लागतो आणि मागे अठरा टन असतात.

ज्या मुलांना हा व्यवसाय करावयाचा आहे त्यांनी क्लिनरच्या वाटेने न जाता रीतसर लायसन्स काढावे. हलक्या वाहनाचे लायसन्स मिळून एक वर्ष झाल्यावर आणि वय वीस पूर्ण असल्यास ट्रान्सपोर्ट वाहनाचे शिकाऊ लायसन्स मिळते. आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. पुण्यात भोसरी येथे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्टच्या आवारात चालकांच्या शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाची सोय आहे. ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत पूर्वी तीन वर्षे होती, आता पाच वर्षे आहे. नूतनीकरणासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ते प्रमाणपत्र पुष्कळदा डोळे न तपासताच दिले-घेतले जाते. चाळिशी ओलांडलेल्या ड्रायव्हरला रात्री समोरच्या हेडलाइटने काही काळ काही दिसत नाही आणि तो ते कोणाला सांगत नाही, कारण चष्मा लागला तर मालक गाडी काढून घेईल असे त्याला वाटते. वस्तुतः चष्मा लावून लायसन्स मिळते. आपल्यासारख्या संस्थांची नेत्र तपासणी शिबिरे बहुधा रविवारी सकाळी भरतात. त्या वेळी ट्रकवाली मंडळी रस्त्यावर असतात किंवा रात्रभर गाडी चालवून झोपलेली असतात. एखादे शिबिर माल उतरण्याच्या वेळेला, सायंकाळी सहा ते नऊ, ट्रक उभे राहतात त्या तळावरच भरवता आल्यास कार्यकारिणीने विचार करावा. वाहनकर्जाचे कागदपत्र पाहणारा एक माणूस तेथे खुर्ची टाकून बसायला तयार आहे.